पलीकडच्या बाजूचं पेट्रोल

मामाजी,

तेरवी आटोपून आम्ही अकोल्याला परतलो. रेखा बसने आली, मी गाडीने. गाडी आत्ता अंगणात पेरूखाली उभी आहे, बाजूच्या स्टँडवर, डावीकडे कललेली. तुम्ही ती नेहमी तशीच उभी करायचे. मला ती मधल्या स्टँडवर, दोन्ही चाकं सरळ, अशी लागते. आज मी ती सरळ केली नाही.

आज रविवार. रविवारी सकाळी चहाच्या वेळेला तुमचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काय म्हनते गाडी?" मी त्या आठवड्याचं ॲव्हरेज सांगायचो. लिटरला अठ्ठेचाळीस, लिटरला पन्नास. तुम्ही म्हणायचे, "ते झालं आकडा. गाडी काय म्हनते?" मग मी गाडीचं सांगायचो, थंडीत सुरू व्हायला नखरे करते, क्लच जड झाला आहे. रेखा हसायची. तिचं म्हणणं, जावयाला "कसे आहात" असं तोंडावर विचारायला बाबांना अवघड वाटतं, म्हणून ते गाडीवरून फिरून येतात. असेल तसंही. मी मात्र जे विचारलं त्याचंच उत्तर देत आलो. आज फोनपाशी चहा घेऊन बसलो आणि कप तसाच निवला.

गाडीच्या सौद्याची गोष्ट तुमच्या तेरवीतही निघाली. माणसं जेवता जेवता हसली आणि मग हसल्याबद्दल वरमली. तुम्ही असते तर वरमू दिलं नसतं.

माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि मला जुनी, पण धड गाडी घ्यायची होती. त्याच सुमारास रेखाच्या भावाने, गजूने, माल न्यायला तीनचाकी घेतली होती आणि तुमची मोटारसायकल गोठ्यापाशी उभी राहू लागली होती. पालक, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या आणि झेंडूची पोती घेऊन वलगावच्या पुढच्या तुमच्या गावापासून अमरावतीच्या मंडईपर्यंत ती रोज पहाटे गेलेली. तुम्ही म्हणाले, घेऊन जा. मी म्हणालो, विकत घेतो.

"जवाईले कोनी काही इकते का?"

"मग मी फुकट घेत नाही, मामाजी."

"मंग राहू द्या उभी. चिमन्या खोपे करतीन तिच्यावर."

लग्नापासून मी तुमच्याकडून टॉवेल-टोपीपलीकडे काही घेतलं नाही. धोंड्याच्या महिन्यात जेवून उठायचो आणि ताटाखाली ठेवलेलं तिथेच ठेवायचो. तुम्ही चारचौघांत माझी ओळख "हे आमचे टॉवेल-टोपीचे जवाई" अशी करून द्यायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी मोजता आलं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. जावई म्हणून माणसाने घेत राहावं, हे मला पटत नाही. तुम्हाला न देणं पटत नव्हतं. पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत गाडी आपल्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

तोड काढली तुमच्या नथ्थूभाऊंनी. फाट्यावर त्यांचा पानठेला. दिवाळीत मी आलो तेव्हा सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "यायच्यात काय अडचन हाय? जवाईले इकता येत नाई, मले तर येते ना? तू मले इक. मी जवाईले इकतो. मी काई त्यायचा सासरा नोहो."

तुम्ही खूश. त्याच सकाळी तुम्ही नथ्थूभाऊंना गाडी विकली, नारळ फोडला. ते दुपारी मला विकणार होते. "दोन घंट्याचा मालक हाओ मी," म्हणत डोळ्यावर काळा चष्मा लावून त्यांनी गावातून चक्कर मारली. मध्येच मी कागद मागितले. गाडी आधी नथ्थूभाऊंच्या नावावर व्हायला पाहिजे, मगच माझ्या. तुमच्या नावावरून थेट माझ्या नावावर झाली, तर ती सासऱ्याने जावयाला दिलेलीच झाली, मग मधला माणूस कशाला? गजू कपाळाला हात लावून बसला. पण मुद्दा बरोबर होता आणि तुम्हालाही तो नाकारता आला नाही.

कागद व्हायला महिन्याच्या वर लागलं. तोवर कायद्याने गाडी नथ्थूभाऊंची. ते तिच्यावर लेकीच्या गावाला जाऊन आले, अचलपूरच्या बाजाराला जाऊन आले, आणि एका बैलबंडीच्या चाकाला लावून पुढचा मडगार्ड चेपवून आले. मी गाडी न्यायला आलो तेव्हा तुम्ही त्या चेपाकडे बोट दाखवून पोट धरून हसले. "घ्या, जवाईबापू! आनखी करा कायद्यानं!"

तो चेप मी काढला नाही. पेरूखालून दिसतो आहे.

त्या दिवशी तुम्ही मला गाडी समजावून दिली. जुनी गाडी विकणारा माणूस तिचे गुण सांगतो. तुम्ही फक्त खोडी सांगितल्या. थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, म्हणून थांबण्याआधीच करून घ्या. डावीकडे ओढते, कारण जड पोतं वर्षानुवर्षं डाव्या अंगाला बांधलं, आता ओझं नसलं तरी तिला ते आहेसं वाटतं. थंडीत लात मारण्याआधी तिला डावीकडे पार आडवी करा, मग उभी करा, मग मारा.

"आडवी कशाला?"

"टाकीत मधात उंचवटा अस्ते. तोटी हाय डाव्या अंगाले. पेट्रोल सरलं असं वाटलं तरी पलीकडच्या बाजूले पेलाभर रायतेच. आडवी केली का ते अलीकडं येते."

"सरलं असं वाटायची वेळच येऊ देऊ नये," मी म्हणालो.

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. तोटीचा नॉब तुम्ही कायम रिझर्व्हवर ठेवायचे. मी पाहिलं आणि नॉब वर फिरवला. तुम्ही तो पुन्हा खाली केला.

"मामाजी, रिझर्व्ह अडचणीच्या दिवसासाठी असतं."

"म्हनून तर. राखीव हाय असं समजलं का मानूस टाकीत पाहातच नाई. अन् रिझर्व्हवरच चालोली, तर रोज सकायी हलवून पाहा लागते, कान लावा लागते. तुमी सांगा, कोन्ता मानूस जास्त हुशार?"

"आणि ज्या दिवशी पाहायचं विसरलं, त्या दिवशी?"

"जो रोज पाह्यते तो इसरत नाई. जो इसरते त्याले राखीवही पुरत नाई."

दोन्ही बाजू मी नंतर पुष्कळदा तपासल्या. तुमच्या बोलण्यात चूक सापडत नाही. माझ्याही नाही.

अकोल्याला आल्यावर गाडी माझ्याशी सहा महिने नीट बोलली नाही. ऑफिससमोर, सगळ्यांच्या देखत, मी तिला आडवी करायला लाजायचो आणि लाथा मारून दमायचो. नाथा म्हणून आमचा एक शिपाई आहे, तो म्हणायचा, "साहेब, गाडी सासुरवाडीची दिसते, लाडानं घ्या." बाजूच्या पेटीत तुमचा पाना, सुतळीचं बंडल आणि तळाला मेथीचा वाळलेला पाला निघाला. पाना ठेवला, सुतळी ठेवली, पाला झटकला. तरी पाऊस पडून ऊन पडलं की सीटच्या फटीतून मेथीचा वास यायचा. मागचं लोखंडी कॅरिअर काढणार होतो, मग माझा डबा त्यावर बरा बसतो असं दिसलं. हळूहळू मी न्यूट्रल थांबण्याआधी शोधायला लागलो. उजवीकडे जरासा भार देऊन बसायला लागलो. तुमची जागा सीटवर खोलगट झालेली होती. तिच्यात मी थोडा तिरका बसायचो, मग सरळ बसायला लागलो.

एकदा इंजिनातून टकटक येऊ लागली. रविवारी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणाले, "सुरू करा अन् फोन तिच्याजोळ धरा." मी अंगणात उकिडवा बसून फोन इंजिनाशी धरला. शेजारचे कुंपणावरून पाहत होते. तुम्ही बराच वेळ ऐकून निदान केलं, "चेन हाय." गॅरेजमध्ये निघाला टॅपेट. पुढच्या रविवारी मी ते सांगितलं, जरा आनंदानेच. तुम्ही म्हणाले, "फोनात आवाज बदलते, जवाईबापू. गाडी इकडं आना, चेन निंघते का नाई पाहा." तुम्ही कधी हरल्याचं मला आठवत नाही.

तुमचं शेवटचं येणं संक्रांतीच्या अगोदरचं. तेल्हाऱ्याला कुणाकडे लग्न होतं, तिथून परतताना आमच्याकडे उतरले. पोत्यात पालक, सांबार, वांगी. लेकीच्या घरी राहायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून चहा घेतला, भाकरीचा तुकडा मोडला आणि निघाले. मी तुम्हाला स्टेशनवर सोडायला निघालो तर तुम्ही हात पुढे केला. "चाबी द्या. आज तुमी मांगं बसा."

इतक्या वर्षांत मी तुमच्या मागे कधी बसलो नव्हतो. जावयाला मागे बसवायचं नाही, असं तुमचंच काहीतरी होतं. मी कुठे हात ठेवावा ते मला कळेना. शेवटी कॅरिअरची दांडी धरली. गाडी तुमच्या हातात लगेच सुरू झाली, आडवी न करता. ती डावीकडे ओढतही नव्हती, किंवा तुम्ही इतके सवयीचे होते की ते मागे जाणवत नव्हतं. तुमच्या मानेवर उन्हाने काळ्या रेषा पडल्या होत्या. मला त्या तोपर्यंत दिसल्या नव्हत्या, कारण मी तुम्हाला नेहमी समोरून पाहिलेलं.

उड्डाणपुलाच्या चढावर तुमचा डावा हात क्षणभर टाकीखाली गेला. तुम्ही मान अर्धी वळवून काहीतरी म्हणाले. शेजारून ट्रक जात होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी म्हणालो, "हो."

तुम्ही मान हलवली, बरं वाटल्यासारखी. स्टेशनवर उतरलो. तुम्ही चावी माझ्या हातात दिली, टाकीवर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "येतो." मला म्हणाले की तिला, कोण जाणे. काय म्हणाले पुलावर, हे विचारायचं माझ्या डोक्यात होतं. पण रेल्वे लागली होती आणि रविवारचा फोन होताच. पुढच्या रविवारी ॲव्हरेज सांगण्यात ते राहून गेलं.

संक्रांत होऊन गेल्यावर रेखा हळदीकुंकवासाठी माहेरी गेली होती. दुपारी गजूचा फोन आला. "भाऊजी, बाबा गेले." सकाळी मेथीच्या वाफ्यात बसलेले होते, तिथेच आडवे झाले. अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. "सूर्य बुडाच्या आंधी उचला लागन. तुमच्यासाठी थांबतो म्हनते सारे, पन लवकर या."

रेल्वे संध्याकाळची होती आणि बस बेभरवशाची. मी मोटारसायकल काढली. पेट्रोल भरायचा माझा दिवस दुसऱ्या दिवशीचा होता. मनात हिशेब केला, टाकीतलं मूर्तिजापूरच्या पुढे नेईल आणि तिथून बडनेऱ्यापर्यंत रिझर्व्ह आहेच. मी त्यावर कधी हात लावत नाही, ते आज लावू. अडचणीचा दिवस याहून वेगळा काय असतो? मूर्तिजापूरचा पंप उजवीकडून गेला. मी थांबलो नाही.

कुरुम मागे पडलं, बडनेरा सात-आठ किलोमीटरवर आलं आणि गाडीने दोन आचके दिले. हात आपोआप खाली गेला, नॉब फिरवायला. नॉब रिझर्व्हवरच होता.

गाडी थांबली. मामाजी, तुमच्या शेवटच्या फेरीपासून नॉब तिथेच होता, म्हणजे राखीवही मला न कळता वापरलं गेलं होतं. माझं पेट्रोल मी ठरल्या दिवशी भरतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहायची वेळच आली नव्हती. दोन्ही बाजूंना हरभरा. रस्त्यावरून गाड्या एवढ्या वेगाने जात होत्या की हात दाखवून उपयोग नव्हता. सूर्य हरभऱ्याकडे कलला होता. त्या क्षणी मला तुमचा राग आला. तुम्ही गेले होते, तरी आला. वाद जिंकायचा होता तर असा जिंकायचा का, असं मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं.

मग ते आठवलं. मी तिला रस्त्याच्या कडेला डावीकडे आडवी केली, पार, हँडल मातीला टेकेपर्यंत. वाकून टाकीला कान लावला. आत उंचवट्यावरून काहीतरी घळघळलं. अगदी थोडं. पेलाभर म्हणायलाही कमीच. तिला उभी केली, लाथ मारली. तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

बडनेऱ्याचा पंप येईपर्यंत मी श्वास जपून घेतला, जणू तोही टाकीतूनच येत होता. तिथे टाकी भरली. नॉबला हात लावला नाही, तेवढं सुचलंच नाही.

फाट्यावरून आत वळलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं आणि माणसं अंगणात उभी होती. तुम्हाला बांधून झालं होतं, फक्त तोंड उघडं. गजू तुमच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, जवाई आले पाहा." मी तुमच्या ओठांवर पाणी सोडलं. तुमची बोटं दिसत होती, नखांत माती तशीच. कुणी पुसली नव्हती आणि ते बरं केलं. रेखा माझ्या अंगावरची धूळ पाहत राहिली. नथ्थूभाऊ बाहेर गाडीजवळ गेले, तिच्या चेपावर हात ठेवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "मायी गाडी बरी चालली ना, जवाईबुवा?" मी म्हणालो, "चालली." मग मी तुम्हाला खांदा दिला. डावीकडचा. तुम्ही जड नव्हते.

तेरवीच्या दिवशी गजूने मला टॉवेल-टोपी दिली. मी ती डोक्यावर घातली, एरवी हातातच धरतो.

रात्री माणसं पांगल्यावर पुलावरची गोष्ट मी रेखा, गजू आणि नथ्थूभाऊंना सांगितली. रेखा म्हणाली, "बाबा म्हणाले असतील, रेखीकडं पाहा." गजू म्हणाला, "नाई, गाडी इकू नका म्हनले असतीन. मले नेहमी म्हनत, अकोल्याची गाडी इकाले काढली तर सांगजो." नथ्थूभाऊ सुपारी चघळत होते. ते म्हणाले, "त्याचा हात टाकीखाली गेल्ता ना? मंग दुसरं काय म्हनन तो? रिझर्व्हवर टाकली म्हनला असन."

मला नथ्थूभाऊंचंच खरं वाटतं. हात तिकडेच होता. कदाचित हसत असाल, की टाकली बरं का रिझर्व्हवर. आणि मी "हो" म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, इतक्या वर्षांनी जवाईबापूंनी एकदाचं मान्य केलं. म्हणून मान हलली असेल. रेखाला हे पटत नाही. ती म्हणते, गाडीच्या गोष्टीसाठी बाबा मान वळवून बोलले नसते, गाडीचं ते समोर पाहूनच बोलायचे. हेही खरं आहे.

आता विचारायला कुणी नाही. मी न वाचता सही करणारा माणूस नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. नथ्थूभाऊंच्या महिन्यापासून तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण मी न ऐकता "हो" म्हटलं आणि तुम्ही ते बरोबर घेऊन गेले. काय कबूल केलं ते कळायला मार्ग नाही, तेव्हा तिन्ही कबूल केलं असं धरून चालावं लागेल. रेखाकडे पाहतोच आहे. गाडी विकणार नाही. आणि नॉब रिझर्व्हवर राहू दिला आहे.

त्यामुळे एक काम वाढलं. आज सकाळी चहाच्या आधी अंगणात गेलो, तिला दोन्ही हातांनी हलवली आणि वाकून टाकीला कान लावला. शेजारचे कुंपणावरून पाहत होते.

ॲव्हरेज काढलेलं नाही. आवाज आला, मामाजी. गाडी बरी आहे म्हणते.